एकटा वैमानिक, एक डोळा आणि बिघडणारा ऑटोपायलट : वायली पोस्टची गोष्ट



मोबाईलवर मॅप लावून बाईक चालवताना एक प्रसंग तुमच्यावरही आला असेल. चौक जवळ येतोय आणि नेमका तेव्हाच मॅप अडकतो. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय. अशा वेळी बरेच जण चालत्या गाडीवरच स्क्रीनवर बोटं मारायला लागतात. आता मला सांगा, त्या तीन-चार सेकंदांत गाडी कोण चालवत होतं? खरं उत्तर आहे, कोणीच नाही.

हाच प्रश्न विमानाच्या कॉकपिटमध्ये थेट जिवावर बेततो. हवेत काहीतरी बिघडलं की वैमानिकावर एकदम कामांचा ढीग पडतो. विमान सरळ ठेवायचं, वाट शोधायची, बिघाड ओळखायचा, इंधन मोजायचं, रेडिओवर बोलायचं. ऑटोपायलट यातलं काही काम उचलतो. पण नेमकं किती उचलतो आणि उरलेलं कोणी बघायचं, यावर सगळा खेळ असतो.

हा प्रश्न ज्याला फार लवकर, आणि तोही एकट्याने सोडवावा लागला, त्या माणसाची गोष्ट आज बघूया. त्याचं नाव वायली पोस्ट. विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. आणि हो, त्याला एकच डोळा होता.

जत्रेतलं विमान

पोस्टचा जन्म २२ नोव्हेंबर १८९८ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. घर शेतकऱ्याचं. पुढे कुटुंब ओक्लाहोमात आलं. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही, पण यंत्र दिसलं की ते उघडून बघायचं ही खोड लहानपणापासूनची. १९१३ मध्ये लॉटन गावच्या जत्रेत त्याने पहिल्यांदा विमान पाहिलं आणि गडी तिथेच अडकला.

पण इथून तो सरळ वैमानिक झाला असं नाही. मधला रस्ता बराच वाकडा आहे. १९२१ मध्ये वाटमारीच्या गुन्ह्यात तो पकडला गेला आणि तुरुंगात गेला. साधारण वर्षभराने पॅरोलवर सुटला. मग तेलविहिरींवर मजुरी केली. गावोगावी हवाई कसरती करणाऱ्या एका टोळीत पॅराशूट घेऊन उड्या मारायचं कामही केलं. विमानात बसायला मिळतंय ना, मग उडी मारावी लागली तरी चालेल, असा एकूण हिशोब.

डोळा गेला, विमान आलं

१ ऑक्टोबर १९२६. तेलविहिरीवर काम चालू असताना धातूची कपची उडून त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली. उजवा डोळा वाचवायचा तर डावा काढणं भाग होतं.

वैमानिक व्हायचं स्वप्न असलेल्या माणसासाठी हा मोठाच घाव होता. दोन डोळ्यांनी बघताना मेंदूला अंतराचा अंदाज आपोआप मिळतो. एका डोळ्याने जवळच्या अंतराचा अंदाज चुकायला लागतो, आणि विमान उतरवताना तर जमीन नेमकी किती खाली आहे यावरच सगळं अवलंबून असतं. पोस्टने काय केलं? दूरचं एखादं झाड बघायचं, ते किती पावलांवर असेल हे मनात ठरवायचं आणि मग चालत जाऊन पावलं मोजायची. पुन्हा दुसरं झाड. असं करत करत त्याने एका डोळ्याला अंतर शिकवलं.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर एक सेन्सर गेला होता आणि उरलेल्या सेन्सरचं कॅलिब्रेशन त्याने हाताने केलं. ही सवय लक्षात ठेवा. आपल्याकडे काय चालतंय, काय चालत नाही आणि त्यावर किती विसंबायचं, हे पोस्ट आधी मोजून घ्यायचा.

अपघाताची भरपाई मिळाली साधारण १,८०० डॉलर. त्या पैशांतून त्याने स्वतःचं पहिलं जुनं विमान घेतलं.

१९३१ : काम वाटून घेतलं

पुढे तो एफ. सी. हॉल नावाच्या तेल व्यावसायिकाचा वैमानिक झाला. हॉलने लॉकहीड वेगा जातीचं विमान घेतलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं, विनी मे. लाकडी प्लायवूडचं गुळगुळीत अंग, पुढे एकच इंजिन, आणि त्या काळाच्या मानाने जबरदस्त वेग. १९३० मध्ये पोस्टने याच विमानातून लॉस एंजेलिस ते शिकागो ही हवाई शर्यत जिंकली.

त्या काळात पृथ्वीप्रदक्षिणेचा विक्रम ग्राफ झेपेलिन या महाकाय वायुनौकेच्या नावावर होता. तिला १९२९ मध्ये २१ दिवस लागले होते. पोस्टला तो विक्रम मोडायचा होता. त्याने सोबतीला हॅरल्ड गॅटी हा टास्मानियाचा निष्णात नेव्हिगेटर घेतला. २३ जून १९३१ ला न्यूयॉर्कहून निघालेले दोघे १ जुलैला परत आले. एकूण वेळ ८ दिवस १५ तास ५१ मिनिटं!

यात काम कसं वाटलं होतं ते बघा. पोस्ट पुढे बसून हाताने विमान उडवायचा. मध्ये इंधनाच्या मोठ्या टाक्या. त्यांच्या मागे गॅटी. तो सूर्य-तारे बघून जागा काढायचा, वाऱ्याने विमान किती सरकतंय हे स्वतः बनवलेल्या उपकरणाने मोजायचा आणि बोलण्याच्या नळीतून पोस्टला दिशा सांगायचा. म्हणजे एक डोकं विमान उडवण्यात आणि एक डोकं वाट शोधण्यात.

विक्रम झाला, कौतुक झालं. पण लोक म्हणायला लागले की खरी हुशारी गॅटीची, पोस्ट तर नुसता ड्रायव्हर. हे त्याला फार लागलं. त्याने ठरवलं, आता एकट्याने जायचं.

मेकॅनिकल माइक काय करायचा?

एकट्याने जायचं म्हणजे दोन माणसांचं काम एका डोक्यावर. सात-आठ दिवस, झोप जवळजवळ नाही, आणि स्टिअरिंग तर सोडता येत नाही. माणूस कितीही अष्टावधानी असला तरी शेवटी त्याला मर्यादा आहेतच. म्हणून पोस्टने विनी मेमध्ये दोन गोष्टी बसवल्या.

पहिली गोष्ट स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट. त्याला मेकॅनिकल माइक असं टोपणनाव पडलं. ऑटोपायलटची कल्पना तेव्हा नवी नव्हती. लॉरेन्स स्पेरी या तरुणाने १९१४ मध्येच पॅरिसजवळ सीन नदीवर दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं होतं आणि त्याचा मेकॅनिक त्याच वेळी पंखावर चालत गेला होता! पण तो झाला काही मिनिटांचा प्रयोग. पोस्टला तेच काम समुद्रावर, ढगात, रात्रभर करून हवं होतं.

हे यंत्र कसं चालायचं? लहानपणी आपण भोवरा फिरवायचो. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही. जमीन थोडी हलली तरी तो ताठच राहतो. जायरोस्कोप म्हणजे असाच भोवरा, चौकटीत मोकळा टांगलेला. ऑटोपायलटमध्ये असे दोन भोवरे हवेच्या झोताने फिरत राहायचे. एक दिशा धरून ठेवायचा, दुसरा विमान आडवं-उभं किती कललंय ते सांगायचा. विमान कललं की भोवरा आणि विमान यांच्यात फरक पडायचा. तो फरक हेरून तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे कंट्रोलच्या तारा ओढायचे आणि विमान पुन्हा सरळ व्हायचं.

आता त्याला काय येत नव्हतं ते बघा, कारण हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नव्हतं. समोर डोंगर आहे हेही कळत नव्हतं. इंधन किती उरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शिवाय दिशेचा भोवरा हळूहळू सरकतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने होकायंत्र बघून तो पुन्हा जुळवावा लागतो. तेवढं केलं नाही तर ऑटोपायलट चुकीची दिशासुद्धा पूर्ण निष्ठेने धरून ठेवतो. म्हणजे हा गडी कामसू, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागणार.

दुसरी गोष्ट रेडिओ दिशादर्शक. रेडिओ स्टेशन लावलं की सुई त्या स्टेशनच्या बाजूला झुकायची. गॅटीचं सगळं काम हे उपकरण करू शकत नव्हतं, पण बरंचसं सोपं करत होतं.

थोडक्यात, विमान सरळ धरायचं कंटाळवाणं काम पोस्टने यंत्राला दिलं आणि त्यातून वाचलेलं लक्ष नकाशा, हवामान आणि इंजिनाकडे लावलं. ऑटोपायलटचा खरा उपयोग हाच. तुमचं काम तो संपवत नाही, फक्त तुमचं थोडं लक्ष मोकळं करून देतो. ते कुठे खर्च करायचं हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं.

१९३३ : यंत्र बिघडलं तेव्हा

१५ जुलै १९३३ ला पोस्ट न्यूयॉर्कहून एकटा निघाला. अटलांटिक ओलांडून थेट बर्लिन, मध्ये कुठेही न थांबता, २५ तास ४५ मिनिटांत. हा मार्ग असा एका दमात त्याआधी कोणी पार केला नव्हता.

पण माइकने कुरकूर सुरू केली होती. बर्लिनमध्ये दुरुस्तीचा प्रयत्न झाला, पण काम पक्कं झालं नाही. पुढे निघाल्यावर नकाशे मागे राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून त्याने वाटेत कोनिग्सबर्गला विमान उतरवलं. मग मॉस्कोत पुन्हा ऑटोपायलटची दुरुस्ती. नोवोसिबिर्स्क करून इर्कुट्स्कला आल्यावर आणखी एकदा दुरुस्ती.

जरा त्याच्या जागी बसून बघा. घड्याळ पळतंय. विक्रम मोडायचा तर प्रत्येक तास मोलाचा. शिवाय हाताने उडवायची कला त्याच्याकडे होतीच, १९३१ ला तर सगळी प्रदक्षिणा त्याने हातानेच केली होती. मग सोडून द्या ना तो ऑटोपायलट, हाताने चला! मोह होणारच.

पण पोस्टचा हिशोब वेगळा होता. १९३१ ला मागे गॅटी होता, या वेळी कोणी नव्हतं. ऑटोपायलट नसेल तर दोन्ही हात आणि सगळं लक्ष कंट्रोलवर जाणार. मग ढगात नकाशा कोण बघणार? दमलेल्या माणसाची चूक कोण पकडणार? जमिनीवर गेलेले दोन-चार तास परवडतात. हवेत लक्षच उरलं नाही तर ते परवडत नाही. म्हणून त्याने प्रत्येक वेळी विमान खाली आणलं, दुरुस्ती करून घेतली आणि मगच पुढे गेला.

झोपेसाठीही त्याची एक युक्ती सांगतात. बोटाला दोरीने पाना बांधायचा आणि तो हातात धरून बसायचं. डुलकी लागली की हात सैल पडणार, पाना खाली पडणार आणि दोरीच्या झटक्याने जाग येणार. ऑटोपायलट विमानावर लक्ष ठेवतोय आणि पाना पोस्टवर! आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने स्वतःसाठीच अलार्म सिस्टिम बनवली होती.

अलास्कात वाट चुकली

खाबारोव्हस्कहून समुद्र ओलांडून तो अलास्कात शिरला आणि तिथे रेडिओ दिशादर्शकाने मान टाकली. खाली डोंगर, वर ढग, अंगात पाच-सहा दिवसांचा थकवा. कित्येक तास तो वाट शोधत भटकत राहिला. शेवटी फ्लॅट नावाची खाणकामगारांची छोटी वस्ती दिसली. धावपट्टी कसली, जेमतेम मोकळी जागा. त्याने विमान तिथेच उतरवलं. उतरताना ते खड्ड्यात गेलं, चाकाचा पाय मोडला आणि प्रोपेलर वाकला.

अपयशच वाटतं ना हे? पण तो जिवंत होता आणि विमान दुरुस्त होण्याजोगं होतं. जो क्रॉसन या अलास्कातल्या वैमानिकाने फेअरबँक्सहून नवा प्रोपेलर आणला. गावातल्या लोकांच्या मदतीने विमान उभं राहिलं. आणि हे सगळं चालू असताना पोस्ट काय करत होता? झोपला होता. त्या क्षणी त्याच्याकडे असलेलं सगळ्यात बिघडलेलं यंत्र म्हणजे त्याचं स्वतःचं शरीर, आणि त्याने ते आधी दुरुस्तीला टाकलं.

२२ जुलैच्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर सुमारे ५०,००० लोक वाट बघत होते. एकूण वेळ ७ दिवस १८ तास ४९ मिनिटं. इतके थांबे, इतक्या दुरुस्त्या होऊनही दोघांनी केलेला विक्रम त्याने एकट्याने २१ तासांनी मोडला.

एक बल्ब आणि चार माणसं

आता गोष्ट सोडून थोडं पुढे जाऊया, कारण पोस्टने जे केलं त्याची उलट बाजू बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

२९ डिसेंबर १९७२ ची रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सचं एक मोठं आधुनिक विमान मायामीला उतरणार होतं. पुढचं चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर नेऊन ऑटोपायलटच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. कॉकपिटमध्ये कॅप्टन, सहवैमानिक, फ्लाइट इंजिनिअर आणि प्रवास करणारा एक तंत्रज्ञ, अशी चार माणसं होती. या गडबडीत कंट्रोलवर थोडा दाब पडला आणि उंची धरून ठेवणारा मोड सुटला. विमान अगदी हळूहळू खाली जाऊ लागलं. इशाऱ्याचा आवाज झाला, पण कोणाच्या लक्षात आला नाही. विमान दलदलीत कोसळलं. १०० हून अधिक लोक गेले. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. फक्त बल्ब गेला होता.

यंत्र पोस्टच्या माइकपेक्षा कितीतरी हुशार, माणसं चारपट, पण विमान उडवायला त्या मिनिटांत एकही नाही. म्हणूनच वैमानिकांना शिकवतात की आधी विमान उडवा, मग वाट बघा, मग बोला. दोन वैमानिक असतील तर बिघाड एकाने बघायचा आणि दुसऱ्याने फक्त विमान. ऑटोपायलट चालू असला तरीसुद्धा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सर्व्हर पडला की आम्हीही पाच जण एकाच लाल आलेखाकडे बघत बसायचो, आणि त्याच वेळी दुसरीकडे डिस्क भरत चाललेली कोणालाच दिसायची नाही. आता आम्ही आधी ठरवतो की दुरुस्ती कोण करणार आणि बाकी सगळ्यावर नजर कोण ठेवणार. आमच्या चुकीने कोणाचा जीव जात नाही, एवढंच आमचं नशीब.

कोरडं तळं आणि शेवटचं उड्डाण

पोस्ट विक्रमावर थांबला नाही. उंचावर हवा विरळ, म्हणून विमानाला विरोध कमी आणि वेग जास्त, हे त्याच्या डोक्यात बसलं. पण विनी मेच्या लाकडी केबिनमध्ये हवेचा दाब धरणं शक्य नव्हतं. मग त्याने गुडरिच कंपनीच्या रसेल कॉली यांच्यासोबत १९३४ मध्ये थेट माणसालाच दाबाचा पोशाख बनवला. पहिला गळला, दुसऱ्यात तो असा अडकला की कापून काढावा लागला, तिसरा जमला. आजच्या अंतराळवीरांच्या पोशाखाचा हा पूर्वज.

२२ फेब्रुवारी १९३५ ला असाच पोशाख घालून तो देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाला. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून उड्डाणानंतर चाकं टाकून दिलेली. थोड्याच वेळात इंजिन तेल ओकायला लागलं. चाकं नाहीत, इंजिन गेलं, अंगात अवजड पोशाख. त्याने मुरॉकच्या कोरड्या तळ्याकडे विमान तरंगत नेलं आणि पोटावर अलगद उतरवलं. हेल्मेट एकट्याला काढता येईना म्हणून तो चालत एका माणसाकडे गेला, तर तो बिचारा असा विचित्र प्राणी बघून घाबरला! नंतर इंजिनात घासणारी पूड सापडली. कोणीतरी मुद्दाम टाकली असावी.

पुढच्याच महिन्यात त्याने बरबँक ते क्लीव्हलँड असं उंचावरून उड्डाण केलं. आज ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात त्या वेगवान वाऱ्याचा फायदा घेणाऱ्या पहिल्या काही वैमानिकांपैकी तो एक.

आणि मग १५ ऑगस्ट १९३५. या वेळी विनी मे नव्हती. लॉकहीडच्याच दोन वेगळ्या विमानांचे भाग जोडून बनवलेलं एक विमान होतं. एकाचं धड, दुसऱ्याचे पंख, आणि पाण्यावर उतरायला मोठे तराफे. हे विमान नाकाकडे जड होतं. इंजिनाचा जोर कमी झाला की नाक खाली जाणार, हे ठरलेलं. सोबत विल रॉजर्स हा अमेरिकेचा लाडका विनोदी लेखक-अभिनेता. अलास्कात पॉइंट बॅरोजवळ ते वाट विचारायला एका खाडीत उतरले. पुन्हा उड्डाण केलं आणि लगेच इंजिन बंद पडलं. विमान नाकावर पाण्यात आपटलं. दोघेही जागीच गेले. पोस्ट ३६ वर्षांचा होता. त्यांचे मृतदेह विमानातून परत आणणारा वैमानिक होता जो क्रॉसन, फ्लॅटला प्रोपेलर घेऊन आलेला तोच.

मुरॉकला इंजिन गेलं तेव्हाही पोस्टच तो, आणि बॅरोला गेलं तेव्हाही तोच. फरक उंचीचा होता आणि विमानाचा. मुरॉकला त्याच्याकडे उंची होती, म्हणजे विचार करायला वेळ होता, आणि हाताखाली ओळखीचं विमान होतं. बॅरोला यातलं काहीच नव्हतं. ज्या माणसाने १९३३ ला बिघडलेला ऑटोपायलट घेऊन पुढे जायचं टाळलं, त्यानेच दोन वर्षांनी नाकजड विमान घेऊन निघायचं मान्य केलं. हवेत कितीही शांत डोकं असलं तरी ते जमिनीवर सोडून दिलेली खबरदारी परत आणू शकत नाही.

विनी मे आजही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवली आहे. पांढरं अंग, त्यावर निळी नक्षी.

बाकी तुमच्या-माझ्यासाठी गोष्ट साधी आहे. पुढच्या वेळी चालत्या गाडीवर मॅप अडकला तर स्क्रीनला हात लावू नका. आधी गाडी बाजूला घ्या, थांबा, मग बघा. पाच मिनिटं उशीर होईल. पोस्टला वाटेत याहून कितीतरी जास्त उशीर झाला होता, तरी तो विक्रम मोडून घरी पोचला.